तान्ह्या पोळ्याचा फोटो आणि त्याचे पाच काप

गेल्या तान्ह्या पोळ्याला मी काढलेला एक फोटो दादाच्या नव्या घरातील ओसरीच्या भिंतीसाठी मोठा करून हवा आहे, मात्र तो अखंड नको, पाच उभ्या कापांत विभागलेला हवा, असे वहिनींनी सांगितले, तेव्हा ते एका संध्याकाळचे काम आहे असे मला वाटले होते. प्रत्यक्षात त्याला नऊ संध्याकाळी लागल्या. सॉफ्टवेअरचा भाग पहिल्याच संध्याकाळी संपला होता. उरलेल्या आठही संध्याकाळी फोटो कुठे कापावा आणि दोन कापांमधल्या फटीचे काय करावे, या दोन प्रश्नांत गेल्या. हेच काम करू पाहणाऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

फोटोत माझी सहा वर्षांची पुतणी आहे. आमच्या वरूड तालुक्यात, तसा सगळ्या विदर्भातच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी बैल जसे तोरणाखाली उभे राहतात, तशी दुसऱ्या दिवशी मुले आपापले लाकडी नंदी घेऊन मारुतीच्या देवळापुढे रांग धरतात आणि मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे सणाची भेट, मागतात. पुतणीचा नंदी गावातल्याच सुतारकाकांनी सागाच्या लाकडातून घडवला आहे. त्याला चार चाके आहेत, शिंगांना बेगड लावली आहे आणि पाठीवर वहिनींच्या जुन्या खणाची झूल आहे. फोटोत ती डावीकडे उभी आहे, नंदी उजवीकडे तिच्याकडे तोंड करून आहे, आणि तिच्या मुठीतून निघालेला सुती कासरा आधी जवळजवळ उभा, मग तिरपा उतरत नंदीच्या वेसणीपर्यंत गेला आहे. मागे आंब्याच्या पानांचे तोरण आणि इतर मुलांचे धुळीने माखलेले पाय दिसतात. मी जमिनीवर मांडी घालून बसलो होतो, त्यामुळे कॅमेरा नंदीच्या डोळ्यांच्या पातळीला आला आणि लाकडाचा तो बैल पुतणीच्या बरोबरीचा दिसू लागला. या फोटोचा जीव त्या कासऱ्यात आहे, हे मला तो काढतानाच जाणवले होते. कासरा नसता तर डावीकडे एक मुलगी आणि उजवीकडे एक खेळणे, एवढेच उरले असते.

कापांचा हा प्रकार आता लग्नाच्या अल्बमांत, बारशाच्या फलकांवर आणि तालुक्याच्या फोटो स्टुडिओंच्या दर्शनी भिंतींवर सर्रास दिसतो. एकाच फोटोच्या उभ्या किंवा तिरप्या पट्ट्या करायच्या, त्यांच्यात थोडे अंतर सोडायचे, काही पट्ट्या वर-खाली सरकवायच्या आणि प्रत्येकीखाली हलकी सावली द्यायची, एवढीच त्याची कृती आहे. ही कल्पना संगणकाच्या आधीचीही आहे. डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराने १९८२ च्या सुमारास पोलरॉइड कॅमेऱ्याने एकाच दृश्याचे अनेक लहान फोटो काढून ते ओळीने मांडले आणि प्रत्येक फोटोची पांढरी कड तशीच राहू दिली. त्या कडांची जाळी चित्रावर पडते, आणि तरीही पाहणाऱ्याला एकच खोली, एकच माणूस दिसतो. मात्र हॉकनीचा प्रत्येक चौकोनी तुकडा वेगळ्या क्षणी, थोड्या वेगळ्या कोनातून टिपलेला होता; आपण कापतो तो फोटो एका क्षणाचा असतो, आणि म्हणून आपल्या कामात चूक लपायला जागा कमी असते.

पुतणीच्या फोटोला हात लावण्याआधी सरावासाठी मी आमच्या बागेतल्या संत्र्याचा एक फोटो घेतला होता. आंबिया बहार तोडणीला आलेला असताना, पानांसह फांदीवर असलेल्या एका फळाचा तो फोटो होता, आणि मी त्याचे सहा आडवे काप करून ते एकमेकांवरून थोडे सरकवले होते. संगणकावर ते चित्र ठसठशीत दिसत होते. आजीने ते पाहिले आणि विचारले, ‘‘संत्रं काय सुरीनं कापतेत, बाबू? सोलून फाका करतेत.’’ तिचे म्हणणे सर्वस्वी खरे होते. आमच्या भागात जन्मलेला कोणीही संत्र्याला सुरी लावत नाही. साल सोलायची आणि फाका वेगळ्या करायच्या, हीच त्या फळाची रीत आहे, आणि मी त्यावर जे काप घातले होते ते लिंबाला किंवा टोमॅटोला शोभले असते. त्या एका वाक्याने पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरली. फोटोतील वस्तू स्वतः कशी जोडलेली आहे आणि कुठे सुटते, हे आधी पाहायचे आणि रेघ नंतर ओढायची.

मी हे काम गिम्प या सॉफ्टवेअरमध्ये केले. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतले आणि १९९६ मध्ये ते लोकांच्या हाती आले. ते विनामूल्य आहे, त्याचा मूळ प्रोग्रामही सर्वांसाठी खुला आहे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते समाधानकारक चालते. ज्यांच्याकडे फोटोशॉप आहे त्यांनाही पुढचे सगळे लागू पडेल, कारण या कामाचा आधार लेयर हा आहे आणि लेयरची सोय फोटोशॉपमध्ये १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा समजाव्यात; प्रत्येक काप स्वतंत्र काचेवर असला की एकाला हलवताना दुसऱ्याला धक्का लागत नाही.

आधी माप ठरवले. वहिनींना १८ इंच रुंद आणि १२ इंच उंच प्रत हवी होती. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर फोटो ५४०० गुणिले ३६०० पिक्सेलचा लागतो. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा असतो, त्यामुळे फोटो ताणून मोठा करावा लागला नाही. उलट रुंदीत ६०० पिक्सेल इकडे-तिकडे सरकवायला मोकळे मिळाले, आणि ते पुढे फार उपयोगी पडले. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा, ४००० गुणिले ३००० चा फोटो असेल, तर याच आकाराला इंचाला सुमारे २२० पिक्सेल मिळतात. भिंतीवर हातभर अंतरावरून पाहण्याच्या चित्राला तेही चालते.

फटीची रुंदी मी १२० पिक्सेल धरली. ३०० च्या हिशोबाने एका सेंटिमीटरला ११८ पिक्सेल होतात, तेव्हा ही फट छापल्यावर एक सेंटिमीटरहून किंचित मोठी दिसते. पाच काप म्हणजे चार फटी, चार फटींचे ४८० पिक्सेल. आणि इथे पहिला खरा प्रश्न उभा राहिला: हे ४८० पिक्सेल आणायचे कुठून?

त्याची दोन उत्तरे आहेत, आणि दोन्हींतून निघणारी चित्रे एकमेकांपासून पूर्ण वेगळी असतात. पहिल्या पद्धतीत फोटोतील एक कणही न गमावता त्याचे पाच तुकडे करून ते एकमेकांपासून दूर सरकवायचे. तसे केले की प्रत्येक काप १०८० पिक्सेलचा राहतो, पण सगळे चित्र ५८८० पिक्सेलपर्यंत, म्हणजे १९.६ इंचांपर्यंत पसरते आणि मग त्याला कमी करून कागदावर बसवावे लागते. दुसऱ्या पद्धतीत कापांना जागचे हलवायचे नाही. जिथे फट येते तिथला फोटो झाकून टाकायचा. अशा वेळी ५४०० मधून ४८० वजा होतात, ४९२० उरतात आणि समान पाच काप केल्यास प्रत्येक ९८४ पिक्सेलचा होतो. चित्राची रुंदी तेवढीच राहते, फक्त चार पट्टे कायमचे दिसेनासे होतात.

आमच्या वाडीला तुराट्यांचे कुंपण आहे. लहानपणी त्याच्या आत उभे राहून रस्त्याने जाणारी बैलगाडी पाहायचो, तेव्हा तुराट्यांच्या फटींतून शिंगाचा एक तुकडा, जुवाचा एक तुकडा, चाकाच्या आऱ्यांचे दोन तुकडे एवढेच दिसत असत, आणि तरीही गाडी संपूर्ण दिसली, असेच आम्हाला वाटत असे. झाकलेला भाग मन स्वतःच भरून काढते, कारण कुंपणामागे गाडी अखंड आहे हे त्याला ठाऊक असते. दुसरी पद्धत ही या कुंपणासारखी आहे. पहिली पद्धत मात्र तीच गाडी करवतीने कापून तिचे भाग दूरदूर ठेवल्यासारखी आहे. तिथे मागे अखंड काहीच उरलेले नसते.

हे शब्दांत मांडणे आता सोपे वाटते, पण मला ते दोन्ही प्रकार करून पाहिल्यावरच समजले. पहिल्या पद्धतीने केलेल्या चित्रात तोरण आणि मागचे पाय ठीक दिसत होते, परंतु पुतणीचा खांदा विनाकारण रुंद झाला होता आणि कासरा तुटला होता. तिरपी रेघ कापून तिचे तुकडे सरळ बाजूला सरकवले, की फटीच्या दोन्ही कडांवर ती एकाच उंचीला येते. डोळा ती रेघ तिच्याच उताराने पुढे नेऊ पाहतो आणि पलीकडचे टोक त्याला अपेक्षेपेक्षा वर सापडते. दर फटीला एक पायरी पडते. आडव्या रेघेचे असे होत नाही, म्हणून समुद्राच्या किंवा शेताच्या सपाट दृश्यांना ही पद्धत शोभते. ज्या फोटोत चेहरा आहे किंवा एखादी महत्त्वाची तिरपी रेघ आहे, त्याला ती मी यापुढे वापरणार नाही.

म्हणून दुसरी पद्धत घेतली. तिची कृती अशी आहे. फोटो उघडून तो आधी ५४०० गुणिले ३६०० ला कापून घेतला आणि त्याची एक अस्पर्श प्रत वेगळ्या लेयरवर राखून ठेवली. इमेज मेनूतील गाइड्सच्या यादीतून नवीन उभे गाइड, म्हणजे आखणीपुरती मार्गदर्शक रेघ, घेऊन पहिली फट ९८४ ते ११०४, दुसरी २०८८ ते २२०८, अशा रेघा आखल्या. आयत निवडण्याच्या साधनाने निवड करताना कडा या गाइडला आपोआप चिकटतात, त्यामुळे अंदाजाने काही करावे लागत नाही. एकेक पट्टी निवडून तिची नक्कल केली आणि एडिट मेनूतील ‘पेस्ट अ‍ॅज’मधून नवीन लेयरवर, आहे त्याच जागी चिकटवली. ‘इन प्लेस’ हे शब्द असलेलाच पर्याय घ्यावा, नाहीतर पट्टी भलतीकडे जाऊन बसते आणि तिला पुन्हा जागेवर आणण्यात एखाद-दुसऱ्या पिक्सेलची चूक होतेच. सर्वांत खाली पांढरा लेयर ठेवला आणि मूळ फोटो तात्पुरता लपवला. आमच्याकडे संध्याकाळी वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी आता टिकत नाही, म्हणून प्रत्येक पट्टीनंतर फाइल गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ या प्रकारात जतन करत गेलो. त्या प्रकारात सगळे लेयर आणि गाइड जसेच्या तसे राहतात, जेपीईजीमध्ये राहत नाहीत.

पहिल्याच मांडणीत पुतणीचा डावा गाल फटीत गेला. चेहऱ्यावरून फट जाऊ देणे मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. नव्या धाटणीच्या कामांत ते मुद्दाम केलेले असते, पण घरात रोज दिसणाऱ्या मुलीचे तोंड कापलेले पाहायला घरच्या माणसांना कसे आवडेल? मूळ फोटोत रुंदीचे ६०० पिक्सेल शिल्लक होते, त्यांचा उपयोग करून सगळा फोटोच थोडा उजवीकडे घेतला आणि चेहरा दुसऱ्या कापाच्या मधोमध आणला. त्यामुळे नंदीचा डोळा नेमका चौथ्या फटीत सापडला. त्या लाकडी डोळ्यात सुतारकाकांनी काळ्या रंगाचा ठिपका इतक्या निगुतीने भरला आहे की तो झाकण्याची माझी इच्छा नव्हती. शेवटी समान रुंदीचा आग्रह सोडला. पहिले तीन काप ९८४ पिक्सेलचेच ठेवले, चौथा १२२४ चा केला आणि पाचवा ७४४ चा. बेरीज तीच राहिली, डोळा फटीपासून चांगला दीड सेंटिमीटर आत आला, आणि शेवटचा अरुंद काप चित्राला अधिक चांगला शोभला, असे माझे मत आहे. पाच सारख्या पट्ट्या मला आता दुकानाच्या शटरसारख्या वाटतात.

इतके झाल्यावरही कासरा तुटलेलाच दिसत होता. हे मला फार काळ उलगडले नाही, कारण या पद्धतीत तो तुटूच शकत नाही. त्याचे तुकडे मूळ जागेवरून एक पिक्सेलही हललेले नव्हते. मी लपवलेला मूळ फोटो पुन्हा पुन्हा दाखवून पाहिला. तो दाखवला की कासरा सलग, लपवला की दुसऱ्या फटीपाशी खाली-वर झालेला. अखेर कळले की हा दोष चित्रात नसून पाहण्यात आहे, आणि शास्त्रज्ञांना तो दीडशेहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. योहान पोगेनडॉर्फ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८६० मध्ये, त्याच्याकडे आलेल्या खगोलशास्त्रज्ञ झोलनर यांच्या एका आकृतीत, हा भ्रम हेरला आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. एखादी तिरपी सरळ रेघ उभ्या पट्टीमागून गेली, की पट्टीच्या दोन्ही बाजूंचे तिचे तुकडे एका ओळीत असूनही नसल्यासारखे दिसतात. पट्टी जितकी रुंद आणि रेघ जितकी तिला समांतर होत जाणारी, तितका हा भ्रम वाढतो. माझ्या फोटोत पुतणीच्या मुठीतून निघताच कासरा जवळजवळ उभा उतरतो आणि नेमकी तिथेच दुसरी फट आहे. तिसऱ्या फटीपाशी तो बराच आडवा झालेला असतो, म्हणून तिथे तो फारसा खटकत नव्हता.

फट निम्मी, म्हणजे ६० पिक्सेलची करून पाहिली. भ्रम कमी झाला, पण ओसरीत समोरच्या भिंतीपाशी उभे राहून पाहिले असता अर्ध्या सेंटिमीटरची फट दिसेनाशी होईल आणि कापांचा हेतूच उरणार नाही, हेही लक्षात आले. कासऱ्याचा एक तुकडा खोटाच वर सरकवून डोळ्याला बरोबर वाटेल असे करता आले असते. ते मला पटले नाही, कारण मग जवळून पाहणाऱ्याला तो खरोखरच तुटलेला दिसला असता.

मग सुचले की कासरा कापायचाच कशाला? पुतणी, नंदी, तोरण आणि पाय कापांत राहू द्यावेत आणि कासरा तेवढा फटींवरून अखंड जाऊ द्यावा. त्यासाठी राखून ठेवलेली मूळ प्रत सर्वांत वर आणली, तिला काळा लेयर मास्क जोडला आणि त्यामुळे ती पूर्ण अदृश्य झाली. मास्कवर पांढऱ्या रंगाने जिथे रंगवावे तिथे त्या लेयरचा भाग उघडा होतो, काळ्याने रंगवावे तिथे पुन्हा झाकला जातो. मूळ चित्राला धक्का लागत नाही, म्हणून चुकले तरी भीती नसते. फोटो चारपट मोठा करून, लहान ब्रशने, दोन्ही फटींमधला कासरा त्याच्या कडांपर्यंत रंगवून उघडा केला. सुती दोरीला सुटलेले बारीक धागे असतात. ते कोरून काढले असते तर दोरी प्लॅस्टिकची दिसली असती, म्हणून कडेला ब्रश किंचित मऊ ठेवला आणि तीन-चार धागे मुद्दाम राखले. एवढ्याशा दोन तुकड्यांना दोन संध्याकाळी गेल्या, आणि सगळ्या कामातील त्याच मला सर्वांत आवडल्या.

सावलीचे काम थोडक्यात सांगतो. फिल्टर्स मेनूतील ‘लाइट अँड शॅडो’ या गटात ‘ड्रॉप शॅडो’ आहे. प्रत्येक कापाला ती सारखीच द्यावी आणि फिकट ठेवावी. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिम्पच्या ३.० या आवृत्तीत दिलेली सावली नंतरही बदलता येते, आधीच्या आवृत्त्यांत ती एकदा दिली की पक्की होते. सावलीची दिशा मात्र फोटोतल्या उजेडाला धरून असावी. तान्हा पोळा संध्याकाळी भरतो, ऊन डावीकडून तिरपे येत होते आणि मुलांच्या सावल्या उजवीकडे पडल्या होत्या, म्हणून कापांची सावलीही उजवीकडे दिली. काप वर-खाली सरकवण्याचा प्रयोग मी केला आणि लगेच मागे घेतला, कारण अखंड कासऱ्याशी त्याचा मेळ बसत नाही. ज्यांना तिरपे काप हवे असतील त्यांनी सगळा फोटो फिरवून कापून परत सरळ करू नये, दोनदा फिरवल्याने तो मऊ पडतो. त्याऐवजी मुक्त निवडीच्या साधनाने चार कोपरे टिचकून तिरपी पट्टी निवडावी आणि अँटीअलायझिंग चालू ठेवावे, म्हणजे कडेला पायऱ्या दिसत नाहीत. पाच वेगवेगळ्या चौकटी करायच्या असतील तर ‘स्लाइस युजिंग गाइड्स’ हा पर्याय गाइडप्रमाणे सगळे तुकडे स्वतंत्र करून देतो, मात्र त्यात फटींचेही तुकडे होतात, ते बाजूला काढावे लागतात.

छपाई तालुक्याच्या गावी करून घेतली. पहिल्या प्रतीत यंत्राने चारही बाजूंनी थोडी थोडी कड छाटली आणि आधीच अरुंद असलेला पाचवा काप आणखी बारीक झाला. दुसऱ्या खेपेस सगळ्या बाजूंनी पांढरी कड वाढवून फाइल दिली, तेव्हा माप बरोबर उतरले.

चौकट ओसरीत लागली त्या दिवशी पुतणी शाळेतून आली आणि दप्तर न उतरवताच भिंतीपाशी गेली. दादाने तिला उचलून घेतले. तिने आधी फोटोतल्या स्वतःच्या मुठीवर बोट ठेवले, मग काचेवरून कासऱ्याच्या बाजूने ते हळूहळू खाली नेत, दोन्ही फटी ओलांडून, नंदीच्या वेसणीपर्यंत आणले. नंतर तिने मला विचारले, ‘‘काका, बाकी सगळं कापलं, मग दोरी कशी नाही कापली?’’ मी तिला सांगितले की दोरी सोडली असती तर नंदी पळाला असता. तिने मान हलवली, आणि दादाच्या कडेवरून उतरून देवळीत ठेवलेला नंदी आणायला आत गेली.